मुरूम लागेपर्यंत

पार्सलमधून आलेला हिरवा दांडा,
तीन तुकड्यांचा, पेच फिरवून जोडायचा,
वर बगळ्याच्या मानेसारखा आकडा.
कलावतीनं एका अंगाला ऑफिसटाईमची कुंडी टांगली,
दुसऱ्या अंगाला ज्वारीची बाटली.
चैत्रातल्या एका दुपारी सेलूवरून वावटळ गेली
आणि दांडा वाकून नमस्कार घालून मोकळा झाला.
कुंडी फुटली, ज्वारी अंगणभर.
चिमण्यांची काही तक्रार नव्हती,
त्या खालीच जेवल्या.

ती माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली,
"एकतीस वर्षं खांब रोवले ना तुम्ही?"

रोवले.
वालूरच्या शिवारातून, दुधनेच्या काठाकाठानं.
उंचीचा सहावा हिस्सा जमिनीत,
हा नियम मला जन्मतारखेपेक्षा पाठ आहे
(तारीख मास्तरांनी अंदाजे टाकलेली).
पण काळीत नियम चालत नाही.
उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते,
पावसात फुगते,
आणि तुळशीवृंदावन असो की ट्रान्सफॉर्मर,
खांद्यावरचं ओझं हळूच उतरवून ठेवते.
ती वाईट नाही. कूस बदलते, एवढंच.

निलगिरीची बल्ली नको, उधई लागते.
भिंतीत खिळा नको, वीट कच्ची आहे.
शेजारचे मारोतराव म्हणाले, आमच्या शेवग्याला टांगा की.
शेवग्याच्या फांदीवर भरवसा ठेवलेली माणसं
मी प्लास्टरमध्ये पाहिलीत.

शेवटी जालन्याच्या भंगारातून
दीड इंची पाईप आणला, जाड अंगाचा, जस्त चढवलेला.
टिचकी मारली की हंड्यासारखा न वाजता
गप्प राहतो, तो घ्यावा.
मुनीर वेल्डरनं विचारलं, "काका, वजन किती टांगणार?"
कोरड्या कुंडीचं वजन धरू नको, म्हणलं.
पाणी घातल्यावर तोल.
त्यात वारा मिळव.
त्यात काठावर बसून झोका घेणारा बुलबुल मिळव.
आडवा हात जोडून झाल्यावर मी स्वतः लोंबकळलो,
बासष्टाव्या वर्षी, चौऱ्याहत्तर किलो.
मुनीरचा पोरगा हसून हसून स्टुलावरून पडला.
वेल्डिंग हललं नाही.

पहारीनं तीन फूट खणलं.
दोन फुटांवर कलावती म्हणाली, बास की, कुंडीच तर आहे.
मी खणत राहिलो, मुरूम लागेपर्यंत.

कारण तिला न सांगितलेली एक गोष्ट आहे.
फिडर बंद पडला की रजिस्टर भरायचं असे.
तारीख, वेळ, बिघाडाचं कारण.
वटवाघळं उतरवली मी तारांवरून,
एकदा घुबड,
एकदा होल्यांची जोडी,
एक तारेला चिकटलेला, एक खाली ढेकळात,
दोघांचे पाय आखडलेले.
त्या रकान्यात मी दर वेळी लिहिलं : पक्षी.
कोणता, ते कुणी विचारलं नाही.
रकानाही तेवढाच होता.

खांब उभा राहिला.
ओसरीतून बघून ती म्हणाली, डावीकडं कललाय.
ओळंबा लावला. बोटभर कललेला होता.
राहू दिला.

अकरा दिवस कुणी फिरकलं नाही.
ज्वारीत राळे मिसळले, बाटली सावलीकडं वळवली.
बाराव्या दिवशी साळुंकी आली,
आणि बसली ती आमच्या घराला येणाऱ्या वायरवर,
चोच पुसत, मान वाकडी करून
माझ्या दीड इंची पाईपकडं बघत.

नवी पोरं खांबाखाली उभी राहून विचारायची,
साहेब, चढू का?
त्यांना द्यायचो तोच आवाज निघाला तोंडातून,
ये. इथं लाईन बंद हाय.

उडाली.
मारोतरावांच्या शेवग्यावर जाऊन बसली.
फांदी लवली,
मोडली नाही.